मारुतीच्या छातीला पाणी आणि काउबची पट्टी

प्रश्न : आमचा मुलगा कोलोनला असतो. यंदाचे मे-जून त्याच्याकडे काढले. घराजवळच ऱ्हाईन. रोज काठावरच्या बाकावर बसून आम्ही दोघं मालाची जहाजं मोजायचो, बोटं पुरायची नाहीत. माझं माहेर नांदेडचं. आमची गोदावरी ऱ्हाईनपेक्षा लांब, पण तिच्यात मी साधी होडीसुद्धा क्वचित पाहिली. यजमान म्हणतात, "आपल्याकडे इच्छाशक्तीच नाही." खरं कारण काय?
— सौ. वि. का., मुलुंड

उत्तर : ताई, इच्छाशक्तीचं शेवटी बघू. तो शब्द एकदा आला की पुढं बोलणंच खुंटतं.

आधी लांबी. गोदावरी १४६५ किलोमीटर. ऱ्हाईन साधारण १२३०. पण कित्येक वर्षं जर्मन संदर्भग्रंथांत ऱ्हाईनची लांबी १३२० छापली जात होती. २०१० च्या सुमारास कोलोन विद्यापीठातल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं की कधीतरी कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिले आणि पुढच्यांनी ते तसेच उतरवून घेतले. बॅलार्ड इस्टेटमध्ये चौतीस वर्षं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, टाइप केलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! माझ्या हातून एकदा कंटेनर नंबरातले दोन आकडे असेच उलटे पडले होते, तर माल तीन आठवडे अडकला आणि माझी त्या वर्षीची पगारवाढ त्यात गेली. तिकडे नदीचे नव्वद किलोमीटर इकडचे तिकडे झाले, कुणी कुणाला मेमो दिला नाही.

ऱ्हाईनशी माझी ओळख झाली तीही बिलावरच. साल २००३. सोलापूरच्या एका पार्टीचे टॉवेल रॉटरडॅममार्गे स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जायचे होते. रॉटरडॅमपर्यंत मोठं जहाज आणि पुढं ऱ्हाईनवरून बार्ज, म्हणजे नदीतली सपाट बुडाची मालबोट. भाड्याच्या बिलात एक अनोळखी ओळ आली : लो वॉटर सरचार्ज. त्या उन्हाळ्यात युरोप भाजून निघाला होता आणि नदी उतरली होती. मी पार्टीला फोनवर समजावलं की पाणी कमी आहे म्हणून भाडं जास्त. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "साहेब, आमच्या सोलापुरात पाणी कायमच कमी असतंय. आम्ही कुणाला बिल लावायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण त्या ओळीच्या मागे लागलो. शोधताना एका गावाचं नाव कळलं, काउब. माइन्झ आणि कोब्लेन्झ यांच्या मधलं, डोंगर आणि नदी यांच्यात चेपलेलं चिमुकलं गाव. तिथं नदी उथळ आणि खडकाळ आहे, म्हणून त्या गावच्या मोजपट्टीवरचा आकडा सगळ्या मधल्या ऱ्हाईनची वाहतूक ठरवतो. पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, इथं भलेभले फसतात. पट्टीवर ७८ सेंटिमीटर असले की जहाजाच्या वाटेत साधारण १ मीटर ९० सेंटिमीटर पाणी धरायचं. एकशेदहा मीटर लांबीचा बार्ज पुरा भरला तर तीन हजार टनांच्या आसपास माल नेतो, म्हणजे शंभरावर ट्रक. काउबचा आकडा घसरला की तोच बार्ज अर्धा, मग तिसरा हिस्सा भरून निघतो. फेऱ्या वाढतात, भाडं चढतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता. काठावरच्या रसायनांच्या आणि पोलादाच्या कारखान्यांना कच्चा माल मिळेना आणि आतल्या भागातल्या पेट्रोलपंपांवर तुटवडा झाला.

निवृत्तीनंतर पुतणीकडे माइन्झला गेलो तेव्हा मी हट्टानं काउबला उतरलो. नदीच्या मधोमध बेटावर चौदाव्या शतकातला एक पांढरा किल्ला आहे, होडीसारखा निमुळता. आमची ही त्याचे फोटो काढत होती आणि मी काठावर पट्टी शोधत होतो. त्या दिवशी आकडा होता १४२. मी खिशातल्या डायरीत लिहून घेतला. ही म्हणाली, "अहो, रिटायर झालात तुम्ही." तो किल्ला म्हणजे जुन्या काळचा टोलनाका बरं का. येणारं-जाणारं जहाज अडवायचं आणि वसुली करायची. मुलुंडकरांना टोलनाक्याचं मी काय सांगावं! काठावर दर काही कोसांवर असा एकेक सरदार बसलेला असायचा. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत या नदीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग ठरला, आणि १८६८ च्या मानहाइम करारानं वाहतूक मोकळी झाली. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, पण बाझलच्या धक्क्यावरून त्याचा माल बिनटोल समुद्राला लागतो. तो आयोग आजही स्ट्रासबुर्गला काम करतो.

तुमच्या बाकाजवळ एखादी पांढरी पाटी दिसली असेल, ६८८ किंवा त्याच्या आसपासचा आकडा असलेली. ते कोन्स्टान्झच्या जुन्या पुलापासूनचं अंतर. नदीला मैलाचे दगड! आणि जुन्या शहराच्या काठावर घड्याळासारखी तबकडीही असेल पाहिली. ती वेळ नाही, नदीच्या पाण्याची पातळी दाखवते. छोटा काटा मीटर, मोठा काटा दशांश.

आता आपल्याकडे या. नाशिक हे हिचं माहेर, सराफ बाजाराच्या मागे. ऑगस्टात फोन केला की खुशाली नंतर, आधी प्रश्न : "मारुती कुठवर?" गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती आहे. पुराचं पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला भिडलं, यावरून अख्खं गाव पूर मोजतं. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे पेपरवाले छापतात, पण भांडी बाजारातला दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतो तो मारुतीकडे बघून. मारुती बुडाला की पुढची निशाणी नारोशंकराच्या देवळाची घंटा. पाणी तिथवर गेलं की माणसं ते वर्ष नावानिशी लक्षात ठेवतात. १९६९ चा पूर सासरेबुवांनी मला इतक्या वेळा सांगितला की मीच त्यात भिजलो होतो असं वाटतं. २००८ चा मात्र मेहुण्यानं फोनवर थेट ऐकवला, मागे बायका भांडी वर नेतानाचा खणखणाट ऐकू येत होता.

ताई, तुमचं उत्तर या दोन खुणांत आहे. काउबची माणसं नदी किती खाली गेली ते बघतात आणि नाशिकची किती वर आली ते. ऱ्हाईनला उन्हाळ्यात आल्प्सचं वितळलेलं बर्फ मिळतं, हिवाळ्यात मधल्या डोंगरांतला पाऊस, आणि वाटेत कोन्स्टान्झचं भलंमोठं सरोवर चढउतार पोटात घालतं. पगारदार नदी आहे ती, दर महिन्याला ठरलेलं येणार. गोदावरी सह्याद्रीची लेक, तिला बर्फाचं माहेर नाही. वर्षाचं बहुतेक पाणी चार महिन्यांत. आणि हे पाणी थोडं नाही, वर्षाचा हिशेब केला तर गोदावरी ऱ्हाईनपेक्षा जास्त पाणी समुद्राला नेते! कोलोनच्या तबकडीवर १९२६ आणि १९९५ या दोन्ही वर्षी १०.६९ मीटर लागले, तेव्हा नदीतून सेकंदाला अकरा हजार घनमीटरांच्या आसपास पाणी जात होतं. ऑगस्ट १९८६ मध्ये राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीचा लोंढा ३५ लाख क्युसेक मोजला गेला, म्हणजे जवळपास एक लाख घनमीटर, कोलोनच्या नऊपट. आणि तीच नदी एप्रिलमध्ये गंगाखेडला वाळूत शोधावी लागते. अशा नदीवर बार्ज ठेवणारा चार महिने तो बांधून ठेवील, कारण पूर, आणि सहा महिने वाळूत रुतवून ठेवील. उरलेल्या दोन महिन्यांत कर्जाचे हप्ते फिटायचे नाहीत.

म्हणून कुणी प्रयत्नच केला नाही असं नाही. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरनं १८५२ मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला आणि त्रिभुज प्रदेशात कालवे काढले ते शेतीसाठी आणि होड्यांसाठीही. भाताची पोती, नारळ, माणसं, सगळं कालव्यातून जायचं. कॉटनचा रेल्वेपेक्षा पाण्यावर भरवसा. वरच्या गोदावरीतले खडकाळ टप्पे ओलांडून विदर्भाचा कापूस नदीवाटेनं पूर्व किनाऱ्याला न्यायचा असाही घाट त्या काळी घातला गेला होता, त्यावर पैसा खर्च झाला आणि शेवटी काम सोडून दिलं. दरम्यान १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईला यायला लागला. खडक जरा मऊ असते तर आमचं गिरणगाव लालबागऐवजी काकिनाड्याला उभं राहतं, आणि मी हे सदर तेलुगूत लिहीत असतो.

गोदाकाठी जड माल नाही असंही म्हणता येत नाही. तेलंगणात रामगुंडमच्या आसपास काठाजवळच कोळसा निघतो, पण तो आगगाडीनं जातो. ऱ्हाईनला रुहर या जर्मन खाणपट्ट्यातल्या कोळशाची वाट आधीपासून पाण्यातली, कारखानेच तिच्या काठाला चिकटून वाढले. आता भद्राचलम ते राजमहेंद्री हा टप्पा २००८ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ चा भाग आहे. तुमच्या नांदेडला त्याचा उपयोग नाही.

नांदेडची खूण वेगळीच, जायकवाडीची. १५ ऑक्टोबरला पैठणचं धरण ६५ टक्क्यांखाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांनी वरून पाणी सोडायचं, असा २०१४ चा नियम. त्या सुमारास आमच्या घरात मेहुण्याचा फोन आला तर मी विषय क्रिकेटवर नेतो, कारण माझे एक शेजारी संभाजीनगरचे आहेत आणि भिंत पातळ आहे. यजमानांची इच्छाशक्ती शोधायची तर इथं शोधा. ऱ्हाईनवर टोल उठवायला कित्येक राज्यं वर्षानुवर्षं भांडली, आपल्याला एकाच राज्यातले तीन जिल्हे मिटवायचेत.

प्रश्न : मी निफाडचा, माटुंग्याला इंजिनियरिंग करतो. ऱ्हाईनच्या काठीही द्राक्षं, आमच्याकडेही. मग त्यांची वर्षातून एक छाटणी आणि आमच्या दोन, असं का?
— एक विद्यार्थी

उत्तर : अरे, हे मला विचारण्याऐवजी वडिलांना विचारलं असतंस तर त्यांना बरं वाटलं असतं. असो. मेहुण्याची बाग पिंपळगाव बसवंतला आहे, तिच्या जोरावर सांगतो.

ऱ्हाईनचे मळे पन्नासाव्या अक्षांशावर. हिवाळ्यात वेल झोपतो, पानं गाळून काडी होतो, वसंतात आपसूक जागा होतो. एकच छाटणी पुरते. तू राहतोस विसाव्या अक्षांशावर. तिथं वेलाला झोप नाही, बारा महिने वाढतच राहतो. म्हणून माणसानं त्याचं कॅलेंडर करायचं. एप्रिलात खरड छाटणी, तीत पुढच्या मालाच्या काड्या तयार होतात आणि घडाचं बीज त्या काडीच्या डोळ्यात पडतं. मग ऑक्टोबरला गोडी छाटणी, ती फळासाठी. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावून उठवावं लागतं, नाहीतर फूट सारखी येत नाही. एकदा मी हौसेनं फडकं आणि डबा घेऊन मदतीला उतरलो. मेहुण्यानं दोन ओळींनंतर डबा काढून घेतला. मी डोळे सोडून ओलांड्याला, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीलाच पेस्ट फासत होतो म्हणे. वर हातमोजे घातले नव्हते म्हणून बोलणी खाल्ली ती निराळीच, औषध विषारी असतं.

जमीनही उलटी. काउब-बाखाराखच्या बाजूला मळे कड्यासारख्या उतारावर, पायाखाली पाटीचा दगड. आपण लहानपणी ज्यावर ग म भ न काढलं तोच. दिवसभर तापतो आणि रात्री वेलाला ऊब देतो. उतार इतका उभा की बरीच कामं हातानंच. रिझलिंग नावाची पांढरी जात तिथली राणी, सगळी दारूसाठी. तुमच्या मांडवाखालचा बहुतेक माल खायचा किंवा बेदाण्याचा, वाइनचा त्यातला थोडा. बहुतेक मळेवाल्यांचं सप्टेंबर-ऑक्टोबरात काढून होतं, पण काहीजण मुद्दाम थोडे घड वेलावर ठेवतात आणि पारा उणे ७ ला जायची वाट बघतात. गोठलेल्या मण्यांतून निघणाऱ्या रसाची वाइन फार महाग. आणि तुमच्या निफाडात पारा पाच-सहावर आला की मणी तडकतील म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात! हे मी पुतणीच्या शेजारच्या जर्मन आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हसून घेतलं आणि मग विचारलं, "रात्रभर जागता?" म्हटलं, हो. मग हसले नाहीत.

गंमत म्हणजे दोन्ही द्राक्षं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्यांच्या वेली उघड्या काड्या होऊन उभ्या असतात त्या फेब्रुवारी-एप्रिलात तुझ्या गावची थॉमसन जातीची द्राक्षं न्हावाशेव्यातून शून्य अंशाच्या कंटेनरमध्ये बसून रॉटरडॅमला उतरतात आणि कोलोनच्या दुकानात अर्ध्या किलोच्या डबीत दिसतात. २०१० साली लिहोसीन या वेलाची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश जास्त निघाले म्हणून युरोपनं माल नाकारला, तेव्हाचे फोन मी घेतलेत. पलीकडे शेतकरी रडवेला आणि अलीकडे मी कागद चाळतोय, ज्यात त्या औषधाचं नावच नव्हतं, कारण तोवर त्याची तपासणीच होत नव्हती. २०२३ च्या अखेरीस सुएझची वाट धोक्याची झाली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, त्यात दोनएक आठवडे वाढले. मेहुणा म्हणतो, आता देठ हिरवा राहील का याचीच धास्ती.

प्रश्न : जर्मन लोक ऱ्हाईनला 'बाप' म्हणतात हे खरं का?
— र. दे., गिरगाव

उत्तर : खरं आहे. त्यांच्या भाषेत ऱ्हाईन पुल्लिंगी, 'फाटर ऱ्हाइन' म्हणजे ऱ्हाईनबाबा. आपल्याकडे ब्रह्मपुत्र आणि शोण असे नद आहेतच की. नाशिककर मात्र गोदावरीला गोदावरीही म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. कपडे धुवायला गंगेवर, भाजी आणायला गंगेवर. आणि काठच्या माणसांना रंगात बुडवून घ्यायला दोन्हीकडे आवडतं. कोलोनचा कार्निव्हल ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चात टिपेला जातो, नाशकात रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. जमिनीत दगडानं बांधलेला हौद, वर्षभर बुजवलेला, त्या दिवशी उकरून रंगानं भरायचा आणि त्यात धप्पा मारायचा. मी एकदा मारला. पिवळा रंग कानांतून चार दिवस निघत होता आणि ऑफिसात साहेबांनी कावीळ झाली का विचारलं.

प्रश्न : काका, हे सगळं नाशिक-जर्मनीचं ठीक. आम्हा मुंबईकरांचा या नद्यांशी काय संबंध?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : तुझा नळाशी संबंध असेलच. ऱ्हाईन जिथं उगम पावते त्या गोटहार्डच्या पट्ट्यातूनच ऱ्होन निघते आणि पार उलटी भूमध्य समुद्राला जाते. ब्रह्मगिरीचं तसंच. गोदावरीला अरबी समुद्र तिथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, तरी ती पाठ फिरवून पूर्वेला जाते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा पश्चिमेला उतरते. तिच्यावर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर, मुंबईच्या सात तलावांतले तीन. त्र्यंबकला पडणारा पाऊस डोंगराच्या कुठल्या उतारावर पडला यावर तो राजमहेंद्रीला जाणार की कुर्ल्याच्या चाळीतल्या पिंपात, हे ठरतं.

जुलैत आमच्या घरी सकाळी हे असं चालतं : मी पेपरात सातही तलावांची पातळी वाचतो, मोडकसागर भरून वाहू लागला का बघतो. स्वयंपाकघरातून ही नाशिकला फोन लावते. गॅस बारीक करते आणि पहिलंच विचारते, "मारुती कुठवर?"